मुठीचं मडकं

आमच्या चुलीशेजारी एक लहान मडकं असायचं. धुरानं काळं पडलेलं, काठाला टवका गेलेला. आई सकाळी परातीत पीठ घ्यायची, आणि पाणी घालायच्या आधी त्यातली एक मूठ उचलून त्या मडक्यात टाकायची. टाकताना तिचे ओठ हलायचे. ती काय म्हणायची ते मी कधी नीट ऐकलं नाही. माझं लक्ष ओठांकडे नसायचं, मुठीकडे असायचं. घरात आम्ही पाच भावंडं. तीन मुठींची एक भाकर होते. आठवड्याच्या सात मुठी म्हणजे दोन भाकरी आणि वर एक मूठ. आमच्या तोंडच्या दोन भाकरी दर आठवड्याला त्या मडक्यात जातात, हा हिशेब मी मनातल्या मनात करून ठेवला होता. पुढे मंडळीचा खजिनदार झालो, पण माझी खजिनदारी त्या चुलीपाशीच सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही.

रविवारी ते मडकं पदराखाली धरून आई देवळात जायची. देऊळ म्हणजे आमचं चर्च. आमच्याकडची जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात, शहरातल्या पाहुण्यांना ऐकून गंमत वाटते. गाव नगर-मनमाड रस्त्यापासून दोन किलोमीटर आत. ख्रिस्ती घरं तेवीस. उपासना झाली की बाया आपापली मडकी, डबे, पिशव्या पुढं ठेवलेल्या पिंपात रिकाम्या करायच्या. कुणाची ज्वारी, कुणाची बाजरी, कुणाचं पीठ. पाळकसाहेब प्रार्थना करायचे. मग देवळाच्या मागं तीन दगडांची चूल पेटायची आणि दुपारी दीड-दोनपर्यंत पंगत बसायची. ज्यांना हातानं कमावता येत नाही त्यांची ती पंगत. म्हातारी माणसं, विधवा, एक आंधळा, एक डोक्यानं अधू झालेला. पिठलं-भाकर, कधी आमटी, सणाला गुळवणी. ह्या जेवणाला कुणी ठरवून नाव दिलं नाही. नाताळात आणि हंगामाच्या सणाला सगळी मंडळी एकत्र जेवते त्याला आम्ही प्रीतिभोजन म्हणतो. हे मात्र नुसतं ‘रविवारची भाकर’.

हे कसं सुरू झालं ते सांगायचं तर १९७२ सालात जावं लागतं.

त्या वर्षी मी दहावीत होतो. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची. दिवाळीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, पुन्हा वर्गात बसलो नाही. आईबापाबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागलो. लोक म्हणतात, बहात्तरला पाणी होतं पण दाणा नव्हता. आमच्या वस्तीपुरतं सांगायचं तर पाणीही विहिरीच्या तळाला गेलेलं होतं. कामावर सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेची तांबडी ज्वारी आली होती, तिला मिलो म्हणायचे. तिची भाकर थापायला घेतली की हातातच तुटायची. आई ती तव्यावर जोडून जोडून भाजायची.

मिशनच्या मार्फतही मदत आली. दुधाची पावडर, बल्गर गहू, तेलाचे चौकोनी डबे. डब्यावर दोन हात एकमेकांत मिळवलेलं चित्र होतं. तेल संपल्यावर त्या डब्याला आडवं लाकूड ठोकून आम्ही पुढं कितीतरी वर्षं पाणी आणलं. पोटात अन्न गेलं, त्याबरोबर बोलणंही खावं लागलं. गावातली काही माणसं म्हणायची, “दुधाच्या पावडरीला बाटले.” माझा बाप थट्टेखोर होता. तो म्हणायचा, “बाटलो सत्तर वर्षांमागं आन् पावडर आली परवा. आमचा देव लई उधारीवाला दिसतोय.”

बाप हसण्यावारी न्यायचा, पण खरी गोष्ट त्यालाही ठाऊक होती. माझा पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात आईबाप गमावून नगरच्या मिशनच्या अनाथाश्रमात गेला. तिथं त्याला दोन वेळचं मिळालं आणि तिथंच त्याचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे आमच्या घरात विश्वास आला तो भुकेच्या दारानं आला. तरुणपणी मला याची लाज वाटायची. आता वाटत नाही. भुकेल्या माणसानं जेवू घालणाऱ्याचा देव आपला म्हटला, यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

१९७३ ला पाऊस चांगला झाला. शेतात ज्वारी आली. नव्या ज्वारीची पहिली भाकर आईनं मोडली, आम्हाला दिली, आणि म्हणाली, “खाल्लेलं फेडायचं असतं.”

बाप म्हणाला, “कुणाला? अमेरिकेला?”

ती म्हणाली, “ज्यांनी दिलं त्ये काय आपल्याला घावणार न्हाईत. मग जो म्होरं यील त्येला फेडायचं.”

त्या आठवड्यात मडकं आलं. तिनं अजून चार बायांना सांगितलं. त्यांतली एक जुनी बायबल-बाई होती, गावोगाव फिरून शास्त्र सांगणारी. तिला सारफथच्या विधवेची गोष्ट तोंडपाठ. दुष्काळात त्या विधवेकडे मूठभर पीठ आणि थोडं तेल उरलेलं. ते खाऊन आपण आणि पोर मरायचं एवढंच तिच्यापुढं होतं. तेवढ्यात एलीया संदेष्टा आला आणि आधी मला भाकर दे म्हणाला. तिनं दिली आणि तिचं पीठ सरलं नाही. आमच्या बायांनी गोष्टीतली ‘मूठ’ तेवढी उचलली. सभा नाही, ठराव नाही. पंचांना दोन महिन्यांनी कळलं.

आता सगळं गोड गोड लिहिलं तर खोटं होईल. पहिली कितीतरी वर्षं त्या पंगतीला आमच्याच वस्तीतली माणसं होती. गावातलं दुसरं कुणी आमच्या हातचं खात नव्हतं. आमचे पूर्वज कोण होते ते गाव विसरलं नव्हतं, बाप्तिस्म्यानं गावाच्या लेखी काही फरक पडलेला नव्हता. १९८० च्या सुमाराला वरच्या आळीतली एक म्हातारी यायला लागली. लेकांनी वाऱ्यावर सोडलेली. ती देवळाच्या भिंतीआड उभी राहायची, स्वतःचं ताट पुढं करायची आणि भाकर पदराखाली झाकून घरी न्यायची. कुणी तिला बस म्हटलं नाही, ती बसली नाही. असं दोन वर्षं चाललं. एका रविवारी धो धो पाऊस आला आणि ती ओट्यावर चढून सगळ्यांच्या शेजारी जेवायला बसली. संध्याकाळी आई म्हणाली, “आपल्याला जमलं न्हाई, पावसानं बशिवलं तिला.” पुढच्या रविवारी ऊन होतं, तरी ती बसली. त्यानंतर आणखी आले.

१९९१ साली मंडळीनं मला खजिनदार केलं. दहावीपर्यंत शिकलेला आणि अक्षर बरं, एवढीच माझी लायकी. मी लाल कापडी बांधणीची वही आणली. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च, खाली शिल्लक. मूठ-धान्याचं वजन करायला लागलो. तेलमिठाचा पैसा हंगामाच्या सणातून काढायचा हेही ठरवलं. आमच्याकडे पीक निघाल्यावर उपकारस्तुतीचा सण होतो. जो तो आपल्या शेतातलं, परसातलं आणून वेदीपुढं ठेवतो. ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, कोंबडी, अंडी. उपासना झाली की त्याचा लिलाव. दहा रुपयांचा भोपळा दोनशेला जातो, घेणारा तो पुन्हा देवाला देतो, पुन्हा बोली लागते. टाळ-मृदंगावर भजनं चाललेली असतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तन आमच्या उपासनेत आणलं, ते काही वर्षं आमच्या राहुरीतच राहत होते, म्हणून ह्या भागातल्या मंडळ्यांना त्याचा अभिमान जरा जास्तच. लिलावाच्या त्या पैशात वर्षभराचं तेल, मीठ, मिरची निघायची.

आईला माझी वही आवडायची नाही. म्हणजे लिहिण्याला तिचा विरोध नव्हता. पण मी कोठीत हात घालून “तीनच रविवारचं उरलंय” असं म्हटलं की ती चिडायची.

“तीन रविवार म्हंजी लई झालं. प्रार्थनेत आपण किती दिसांची भाकर मागतो?”

“आजच्या दिवसाची.”

“मग?”

ह्यावर मला उत्तर सुचायचं नाही, पण पटायचंही नाही. मी शेतकरी माणूस. आजच्या दिवसापुरतं बघून शेती होत नाही. बी राखून ठेवावं लागतं, कडबा रचून ठेवावा लागतो. शिवाय बहात्तर मी डोळ्यांनी पाहिलेलं. ज्यानं तो दुष्काळ काढला त्याच्या घरात कुठं ना कुठं एक पोतं झाकून ठेवलेलं असतंच. मी मनात म्हणायचो, आईचा विश्वास मोठा, पण कोठीची किल्ली माझ्याकडे आहे ते बरं आहे.

२०१२-१३ च्या दुष्काळात पाण्याचे हाल झाले. तेव्हा दाणा मिळत होता, पाणी नव्हतं. टँकरच्या पाण्यातून प्रत्येक घरानं एक कळशी देवळाकडे द्यायची असं बायांनी ठरवलं आणि रविवारची भाकर चालू राहिली. मला वाटलं, यापेक्षा अवघड आता काही येणार नाही.

मग २०२० आलं. २५ मार्चपासून देश बंद झाला. देवळाला कुलूप लागलं. रविवारची पंगत बंद, आम्ही डबे घरोघर पोचवायला लागलो. आणि चार-पाच दिवसांत फाट्यावर माणसं दिसायला लागली. चाकण, रांजणगाव, सुपे इकडच्या कारखान्यांतून निघालेली. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. नगरहून मनमाड, तिथून धुळं, आणि पुढं मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश. सगळं पायी. रस्त्यावरचे ढाबे बंद. पैसा असला तरी विकत काही मिळत नव्हतं.

बायांनी माझ्याकडे निरोप पाठवला की रोज भाकर करायची. सरपंच आणि पोलीस पाटील दोघं मदतीला उभे राहिले, परवानगी काढून दिली. गर्दी करायची नाही म्हणून आठ घरांत चुली पेटवायच्या, घरटी पंधरा भाकरी. साठ माणसांना दोन-दोन. वरण एका मोठ्या पातेल्यात देवळामागं. मग ते सगळं माझ्या बैलगाडीत घालून फाट्यावरच्या लिंबाखाली न्यायचं.

मी वही काढली. भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरलं तर रोजचं बारा किलो. कोठीत एकशे दहा किलो ज्वारी. मी बायांना सांगितलं, नऊ दिवस. नऊ दिवसांनी काय, ते आत्ताच ठरवा.

भगिनी मंडळाची अध्यक्षा म्हणाली, “दादा, नऊ दिस तर करू. दहाव्याचं देव बघंल.”

रोज संध्याकाळी आम्ही पाच-सहा जणं देवळाच्या अंगणात लांब लांब उभे राहून प्रार्थना करायचो. पाळकसाहेब तालुक्याला अडकलेले, म्हणून प्रार्थना मी चालवायचो. माझा आवाज खणखणीत. “प्रभू, तू पाच भाकरींवर पाच हजारांना तृप्त केलंस, रानात मान्ना दिलास, आमची कोठी रिकामी होत चालली आहे, तू पाठव.” सगळे आमेन म्हणायचे. माझं घर देवळाला लागूनच. आई तेव्हा पंच्याऐंशीची, ओसरीवर बाजेवर पडून असायची. तिला सगळं ऐकू जायचं.

आता इथं एक गोष्ट सांगायची आहे. आतापर्यंत मी ती फक्त दोघांना सांगितली.

माझ्या घराच्या मागच्या खोलीत ज्वारीची सहा पोती होती. क्विंटल-क्विंटलची. मार्चमध्येच मळणी झालेली मालदांडी, मोत्यासारखी. त्यांच्यावर मी खताच्या रिकाम्या गोण्या पसरून ठेवल्या होत्या. बायकोनं विचारलं तर म्हणालो, उंदरांसाठी. खरं तर माणसांसाठी. कुणी आलं-गेलं तर दिसू नये म्हणून. घरात खाणारी आम्ही सहा. वर्षाला चार-साडेचार पोती लागतात. म्हणजे दीड पोतं उघडउघड वरचं होतं. पण मला तेव्हा सहाही कमीच वाटत होती. हे बंद किती महिने चालेल कुणाला ठाऊक? बहात्तर माझ्या पाठीवर बसलं होतं.

नवव्या दिवशी कोठी झाडून पीठ काढलं. दुपारचं वाटप झालं. सगळं संपल्यावर, अंधार पडता पडता, मी फाट्यावरून रिकामी पातेली गाडीत ठेवत होतो तेव्हा एक घोळका आला. बावीस माणसं. मी मोजली, कारण मोजणं माझ्या हाडात आहे. त्यांत चार-पाच वर्षांचं एक पोर बापाच्या खांद्यावर होतं. बाप हिंदीत म्हणाला, सकाळपासून कुणी काही खाल्लेलं नाही.

मी म्हणालो, “संपलं.”

गाडीत थोडे शेंगदाणे आणि गुळाचा एक खडा होता, तो दिला. पिंपातलं पाणी दिलं. ते पोर शेंगदाणे खाईना. रडून रडून त्याचा आवाज बसलेला होता, नुसतं तोंड उघडं दिसायचं. बाप त्याला थोपटत म्हणाला, आगे मिलेगा, आगे मिलेगा. ते निघून गेले. पुढं कोल्हारपर्यंत काही नाही हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

घरी आलो, बैल सोडले, आणि अंगणात प्रार्थनेला उभा राहिलो. त्या दिवशी माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. “प्रभू, आज बावीस जण उपाशी गेले. आमच्याजवळ काही उरलं नाही. तू पाठव.”

रात्री जेवताना आईनं बाजेवरूनच विचारलं, “देवाजवळ काय मागत हुतास?”

“ऐकलं की तू. धान्य.”

“आन् मागल्या खोलीत काय हाय?”

मी हातातला घास खाली ठेवला. मला राग आला. म्हणालो, “तू बहात्तर विसरलीस का? मिलोची भाकर विसरलीस?”

“इसरले न्हाई. म्हून तर इचारते.”

“त्या विधवेचं पीठ देवानं सरू दिलं नाही. आमचं सरलं तर कोण देणार?”

आई उठून बसली. तिला उठायला वेळ लागायचा. म्हणाली, “आरं, तिचं मडकं कदी भरलं असं कुटं लिव्हलंय? भरलं न्हाई त्ये. निस्तं सरलं न्हाई. रोज बघावं तर तळाला मूठभरच. तिला बी रोज भ्याव वाटत आसंल.” मग जरा थांबून म्हणाली, “देवानं पाठीवलंय, बाळा. तुझ्या घरात उतरवलंय. आन् तू त्येच्यावं गोण्या टाकून वर तोंड करून वरडतोयस.”

त्यावर ती आडवी झाली. बायको काही बोलली नाही. तिनं मुकाट्यानं माझं ताट उचललं, अर्धी भाकर तशीच होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पाच हजारांची गोष्ट मी शेकडो वेळा वाचली आहे, सभेत सांगितली आहे. पण प्रभूनं शिष्यांना आधी काय करायला लावलं ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आधी त्यानं त्यांना आपल्याजवळ किती भाकरी आहेत ते बघून यायला सांगितलं. म्हणजे वही त्यालाही चालत होती. फक्त त्या वहीत सगळं लिहायला हवं होतं.

पहाटे उठलो. गोण्या बाजूला केल्या. पहिलं पोतं ओढून दाराशी आणलं तर दारात वस्तीतली एक विधवा उभी. रविवारच्या पंगतीत ती गेली बारा वर्षं जेवते. हातात पिशवी. रेशनवर माणशी पाच किलो फुकट तांदूळ मिळायला लागला होता, तो तिनं आदल्या दिवशी आणलेला. म्हणाली, “दादा, मी एकलीच हाय. मला दोन किलो बास. तीन किलो ह्ये घ्या. काल बाया सांगत हुत्या, पीठ सरलं म्हून.”

तिच्या हातात तीन किलो, माझ्या हातात पोत्याचं तोंड. तिनं पोतं पाहिलं, मागची उघडी खोली पाहिली. काही बोलली नाही. तिनं पाचातले तीन दिले होते. मी सहातलं एक ओढत आणलं होतं, तेही रात्रभर तळमळून.

त्या दिवशी पोतं गिरणीवर गेलं आणि चुली पेटल्या. पुढचं काय झालं ते ऐकून पुष्कळ जण चमत्कार म्हणतात. मी म्हणत नाही, कारण मला कारणं माहीत आहेत. बाजार समित्या बंद, त्यामुळं वांगी, टोमॅटो, कोबी शेतात सडत होता. शेतकरी म्हणायचे, न्या बाबांनो. हॉटेलं बंद, दुधाला उठाव नव्हता, म्हणून पोरांसाठी रोज एक-दोन कॅन दूध यायला लागलं. कांदा तर ढीगभर. एका ऊसवाल्यानं डाळीचं कट्टं टाकलं. वरच्या आळीतल्या घरांनी चुली वाटून घेतल्या. त्यांच्या बायका आमच्या बायांबरोबर भाकरी मोजत बसायच्या, आणि कुणाची भाकर कुठल्या टोपल्यात गेली हे कुणी विचारत नव्हतं. मे महिन्यात श्रमिकांसाठी रेल्वे निघाल्या, एसटीनं लोकांना राज्याच्या सीमेपर्यंत नेऊन सोडलं. मग रस्त्यावरची रांग विरळ होत गेली. मे अखेरीला आम्ही रोजची चूल थांबवली. तोवर कुठल्याही दिवशी कोठीत तीन-चार दिवसांपेक्षा जास्त धान्य नव्हतं. भरली नाही. सरलीही नाही.

प्रत्येक गोष्टीला कारण होतं. पण सगळी कारणं एकाच वेळी, एकाच फाट्यावर, त्या लिंबाखाली का आली, ह्याचं कारण माझ्या वहीत सापडत नाही. तिथं मी देवाचं नाव घेतो.

सहाची सहा पोती मी देऊन टाकली असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. मी चार दिली. दोन ठेवली. ती आम्ही खाल्ली, पुढं काही महिने विकत घेऊन खाल्लं, आणि कुणी उपाशी राहिलं नाही. बावीस माणसांना लागली असती चव्वेचाळीस भाकरी, म्हणजे साडेचार किलो पीठ. माझ्या घरात त्या वेळी सहाशे किलो ज्वारी होती. हा हिशेब मी कितीदा तरी मांडला आहे. तो प्रत्येक वेळी तसाच येतो. ते पोर आता शाळेत जात असेल. त्याला तो फाटा आठवत नसेल तर देवाची कृपा. मला आठवतो.

पाळकसाहेब जूनमध्ये परत आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. खजिनदारी सोडतो म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले, “वही सोडू नका. पण त्या दिवसाचं पान पुरं करा.”

आई पुढल्या वर्षी गेली. बाजेवरच, झोपेत. मडकं बायकोनं घेतलं. आता आमच्याकडे गॅस आहे, पीठ गिरणीतून येतं, सुनेला भाकरी थापण्यापेक्षा पोळ्या बऱ्या जमतात. तरी पाणी घालण्याआधी एक मूठ निघतेच. रविवारची भाकर चालू आहे. सध्या एकोणीस माणसं जेवतात. त्यांतली अकरा आमच्या मंडळीतली नाहीत.

यंदा खजिनदारी मी एका तरुण पोराला दिली. बी. कॉम. झालेला आहे, मोबाइलवर हिशेब ठेवतो. पण लाल वही त्याच्या हातात देताना मी त्याला एप्रिल २०२० चं एक पान उघडून दाखवलं. त्यावर त्या दिवशी संध्याकाळी मी सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे, ‘शिल्लक : निरंक’. त्याच्या खाली दुसऱ्या शाईत, जूनमध्ये लिहिलेली ओळ आहे.

त्यानं ती मोठ्यानं वाचली. “खजिनदाराच्या मागच्या खोलीत, पोती सहा.”

मग माझ्याकडे पाहून म्हणाला, “काका, ही जमेच्या बाजूला का लिहिलीय? तेव्हा तर ती तुमची होती ना?”

मी म्हटलं, तेच तर मला कळायला वेळ लागला.